बांधावर येऊन थांबणारा कायदा

दरवर्षी एप्रिल उजाडला की एक फोटो येतो. तोंडाला मास्क लावलेले दोन-तीन अधिकारी, पुढ्यात आंब्यांच्या पेट्या, एकाच्या हातात पेटीतून काढलेली करड्या पावडरीची पुडी आणि कडेला मान खाली घालून उभा असलेला गाळेवाला. बातमीचा मथळाही ठरलेला असतो: कार्बाइडने पिकवलेले आंबे जप्त. आपण तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. कुणी रागाचा इमोजी टाकतं, कुणी आंबा पाण्यात बुडवून ओळखायची युक्ती सांगतं. मृगाचा पाऊस पडला की विषय संपतो, तो पुढच्या एप्रिलपर्यंत.

पुडी टाकणाऱ्याला धरू नका, असं मी म्हणत नाही. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि त्याने फळाची साल पिवळी होते. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत फळं पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला सरळ बंदी आहे. पर्याय म्हणून इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो. सोय असूनही पुडी टाकणाऱ्याला दंड झालाच पाहिजे.

चीड येते ती त्या फोटोच्या चौकटीची. पुडी डोळ्यांना दिसते, चिमटीत धरता येते, कॅमेऱ्यासमोर नाचवता येते. आंब्याच्या गरात उतरलेलं कीटकनाशक दिसत नाही. त्याला वास नसतो, चव नसते, फोटो तर नसतोच. ते शोधायला कोटींच्या घरातलं यंत्र लागतं, ते चालवणारा शिकलेला माणूस लागतो आणि एकेका नमुन्यामागे हजारो रुपये मोजावे लागतात. मग काय होतं? जे दिसतं त्याच्यावर धाड पडते. जे दिसत नाही, ते तुमच्या आमच्या पोटात जातं आणि त्याबद्दल कुणाची मान खाली जात नाही.

आधी झाडावर काय होतं ते बघू. कोकणात हापूसला पालवी फुटल्यापासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत तुडतुडे, भुरी, करपा यांचा ताप असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक करून दिलेलं आहे. पालवीला हे, मोहोर फुटताना ते, दोन आठवड्यांनी अमुक, पाण्यात इतके मिली. अशा पाच-सहा फवारण्या. त्या वेळापत्रकाने चाललं आणि शेवटच्या फवारणीनंतर सांगितलेले दिवस थांबून फळ उतरवलं, तर काळजी करण्याजोगं फारसं उरत नाही. गडबड होते ती वेळापत्रक तुटल्यावर. गेली काही वर्षं फुलकिडीने बागायतदारांना रडवलंय. अवकाळी पाऊस आला की केलेली फवारणी धुऊन जाते. मग माणूस तालुक्याच्या औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘हे घेऊन जा भाऊ, यात दोन औषधं एकत्र आहेत, एकदम रिझल्ट.’ त्या बाटलीवर चिकटवलेल्या घडीच्या कागदात, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत, हे कोणत्या पिकासाठी आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण दिसतो खरा. पण तो फवारणाऱ्याला किती धोका आहे ते सांगतो. खाणाऱ्याबद्दल त्यात काही नाही.

आमचं सव सावित्रीच्या काठी. गरम पाण्याच्या कुंडांमुळे लोकांना नाव माहीत असतं, एरवी महाडला जाता-येताना लागणारं गाव. इथून पोलादपूरकडे निघा, मे महिन्यात. हायवेच्या कडेला कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं मांडून बसलेल्या असतात. त्या करवंदांवर जन्मात कुणी औषध मारलेलं नाही. जाळीला कोण फवारणार? शेजारी कुणीतरी परसातला रायवळ आंबा ओतून बसलेला असतो. त्यातल्या दहातल्या दोन आंब्यांत अळी निघते, पण त्याच्यावरही काही मारलेलं नसतं. थोडं पुढे कापडी मांडवात हापूसच्या पेट्या, ‘रत्नागिरी, देवगड’ असे फलक. पोलादपूरला आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उतरते. तिला साल नाही, सोलायची सोय नाही, फवाऱ्यातलं जे बसलं ते फळासकट तोंडात. आता गंमत बघा. यातलं कुठलं फळ ‘स्वच्छ’ दिसतं? पेटीतलं. कुठलं ‘अस्वच्छ’ दिसतं? पानावरचं. रस्त्यावरच्या मालावर बोट ठेवायला आपल्याला आणि सरकारला दोघांनाही वेळ लागत नाही. पेटीतल्या गवतावर मांडलेल्या हापूसला मात्र कुणी विचारत नाही की तुझी शेवटची फवारणी कधीची.

का विचारत नाही? कारण विचारण्याचा अधिकार कुणाला दिलेलाच नाही. मला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे, म्हणून दोन कायदे शांतपणे वाचू. कंटाळवाणे आहेत, पण आपलं पोट त्यांच्या मधल्या फटीत अडकलंय.

पहिला, १९६८चा कीटकनाशक कायदा. कुठलं औषध देशात विकायचं, कुठल्या पिकावर चालेल, दुकानदाराला परवाना कसा द्यायचा, बाटलीत भेसळ असेल तर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. कृषी खात्याचे निरीक्षक दुकानात जाऊन नमुने घेऊ शकतात. पण याच कायद्याचं कलम ३८ म्हणतं की, स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरलं तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. म्हणजे एखादं औषध आंब्यासाठी मंजूर आहे की नाही हे दिल्ली-फरिदाबादला बसून ठरवायचं, आणि ते आंब्यावर मारलं तर मात्र बघायचं नाही.

दुसरा, २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा, ५ ऑगस्ट २०११पासून लागू. त्याचं कलम २१ ठणकावून सांगतं की, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशकाचा अंश कुठल्याही अन्नपदार्थात असता कामा नये. छान. पण ‘अन्न’ म्हणजे काय याची व्याख्या बघायला गेलात, तर शेतातून निघालेला माल शेतकऱ्याच्या किंवा मच्छीमाराच्या हातात असेपर्यंत या कायद्याच्या लेखी तो अन्न नाही. कलम १८मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की, शेतकरी, शेतीची कामं आणि शेताच्या पातळीवरचं पीक यांना हा कायदा लागू नाही.

म्हणजे पहिला कायदा दुकानाच्या काउंटरपासून निघतो आणि बांधावर येऊन थांबतो. दुसरा व्यापाऱ्याच्या काट्यापासून उलटा निघतो आणि तोही बांधावर येऊन थांबतो. मधे जी बाग आहे, जिथे खरोखर विष फळावर पडतं, तिथे कायदा नाही. मग साखळीच्या शेवटच्या कडीला, हातगाडीवाल्याला किंवा गाळेवाल्याला, जाब विचारायचा. त्या बिचाऱ्याने बाग पाहिलेलीही नसते.

ही सूट वाईट हेतूने दिली, असं कुणी म्हणू नये. अर्धा एकर कसणाऱ्या माणसाच्या दारात इन्स्पेक्टर उभा राहिला तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नमुन्याच्या नावाखाली पेटी जाईल, पेटीच्या नावाखाली पाकीट. सूट द्यायलाच हवी होती. पण शेतकऱ्याला पोलिसी कारवाईपासून वाचवणं वेगळं आणि शेताकडे पाठ फिरवणं वेगळं. सरकारने पहिल्याचं नाव सांगत दुसरं केलं.

शिवाय ही सूट नेमकी कुणाला मिळते तेही बघा. कोकणातल्या किती बागा मालक स्वतः करतो? मालक मुंबईत, नोकरीत. बाग हंगामासाठी कराराने दिलेली. करार घेणारा दोन-चार वर्षांत जेवढं निघेल तेवढं काढायच्या मागे. झाडाला दरवर्षी मोहोर यावा म्हणून बुंध्याशी कल्टार घालतो, फवारण्या ठरवतो, फळ उतरवतो, गाडी भरतो. झाड थकलं तर पुढचं पुढे. तोच व्यापारी, पण बागेत उभा असेपर्यंत ‘शेती’ची सावली त्याच्या डोक्यावर. आणि पंप पाठीवर घेऊन झाडाखाली उभा असतो तो नेपाळहून आलेला गडी किंवा इथलाच एखादा मजूर, फडकं बांधून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फळावर जे राहतं त्याला आपण अंश म्हणतो. त्याच्या अंगावर ते अख्खं पडतं.

आता समजा, फळ व्यापाऱ्याच्या हातात आलं, म्हणजे कायद्याने ‘अन्न’ झालं. इथून तरी कारवाई नीट होईल? अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, सील करायचे, एक अन्न विश्लेषकाकडे पाठवायचा. विश्लेषकाला अहवाल द्यायला १४ दिवसांची मुदत. अहवाल विरोधात गेला तर विक्रेत्याला अपिलाची संधी, मग दुसरी प्रयोगशाळा. तेलाच्या डब्यासाठी, मसाल्याच्या पाकिटासाठी ही पद्धत ठीक आहे. डबा गोदामात राहतो. पिकलेला हापूस १४ दिवस कुठे राहतो? ज्या पेटीचा नमुना गेला ती पेटी चार दिवसांत संपलेली, साली कचऱ्यात, बाठे उकिरड्यावर. अहवाल येतो तेव्हा शिक्षा होऊ शकते, दंड होऊ शकतो, पण फळ थांबवता येत नाही. आणि फळ थांबवणं हेच तर काम होतं. महाड-पोलादपूरच्या बाजारावर नजर ठेवणारं अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय इथून नव्वद-शंभर किलोमीटरवर पेणला. जिल्ह्यात १५ तालुके. दूध, तेल, मिठाई, हॉटेलं, गुटखा, सगळं त्यांच्याच डोक्यावर. एप्रिलमध्ये त्यांनी पुडी शोधायला धाव घेतली तर मला त्यांचा राग येत नाही. हातात दिलेल्या हत्याराने तेवढंच होतं.

‘मग व्यवहार्य काही नाहीच का?’ आहे. वीस वर्षांपासून आहे. महाराष्ट्रातच आहे. फक्त आपल्यासाठी नाही.

२००३ साल आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचं जाहीर केलं आणि देशभर गदारोळ झाला. संसदेची संयुक्त समिती बसली, शरद पवार तिचे अध्यक्ष, फेब्रुवारी २००४मध्ये तिचा अहवालही आला. त्याच वर्षी, जरा कमी आवाजात, दुसरी घटना घडली होती. नेदरलँड्समध्ये भारतातून गेलेल्या द्राक्षांत मिथोमिल, ॲसिफेट यांसारख्या औषधांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपभर इशारा गेला. नाशिक, सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांची झोप उडाली.

त्या धक्क्यानंतर सरकारने जे केलं ते वाचून खरंच कौतुक वाटतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. निर्यातीची जबाबदारी असलेल्या अपेडाने उर्वरित अंश तपासणीची योजना आखली आणि २००६मध्ये ‘ग्रेपनेट’ नावाची ऑनलाइन व्यवस्था आणली. युरोपला द्राक्ष पाठवायचं असेल तर बागेची नोंदणी कृषी खात्याकडे. प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक. काय फवारलं, कधी फवारलं, याची वही. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेणार. पास झालं तर प्रमाणपत्र, पेटीवर खूण, आणि रॉटरडॅमला एखादा घड खराब निघाला तर तो नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या गटातला हे इथे बसून सांगता येतं. नापास झालं तर त्या प्लॉटमधून निर्यात बंद.

वाचलंत ना? बांध ओलांडला. कायद्यात बदल नाही, इन्स्पेक्टरची धाड नाही, कुणा शेतकऱ्याला बेडी नाही. फळ झाडावर असताना नमुना, काढणीच्या आधी निकाल. १४ दिवसांचं त्रांगडं नाही, कारण फळ अजून वेलीवरच आहे.

ही व्यवस्था चुकली नाही असं नाही. २०१० साली युरोपने द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड शोधलं. आपल्याकडचे बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते सर्रास वापरलं जायचं. अपेडाच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, म्हणून कुणी शोधलं नव्हतं आणि सगळे दाखले स्वच्छ होते. कंटेनर बंदरांवर अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही बुडाले. पण पुढे काय झालं? यादी सुधारली, तपासणी वाढली, द्राक्षं पुन्हा जाऊ लागली. व्यवस्था शिकते ती अशी, कुणीतरी दारात उभं राहून माल परत पाठवल्यावर.

आता मला सांगा, प्लॉट नापास झाला तर त्यातली द्राक्षं कुठे जातात? ती पुरून टाकत नाहीत. शेतकऱ्याने वर्षभर लाखो ओतलेत, तो का पुरेल? ती गाडीत भरून देशातल्या बाजारात जातात. यात तो काही बेकायदा करतो असंही नाही. युरोपच्या मर्यादा अनेकदा आपल्यापेक्षा कडक असतात. तिथे नापास झालेलं इथल्या मर्यादेत बसू शकतं. शिवाय मर्यादा म्हणजे विषाची रेघ असा आपला समज असतो, तोही पुरता खरा नाही. औषध नियमाप्रमाणे वापरलं तर फळात जास्तीत जास्त किती राहील, यावरून ती प्रामुख्याने ठरते. ती ओलांडली म्हणजे खाणारा लगेच आजारी पडेल असं नाही. ती ओलांडली म्हणजे कुणीतरी जास्त मारलं, उशिरा मारलं किंवा भलतंच मारलं. पण म्हणूनच प्रश्न जास्त टोचतो. इथल्या मर्यादेत ती बसतात की नाही, हे बघायला वाटेत कोण उभं आहे? एकाच वेलीवरचे घड. एकाला क्रमांक, प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा शिक्का. दुसऱ्याला महाडच्या बाजारात वर्तमानपत्राचा कागद.

आणि वर्षांचं गणित बघा. २००३मध्ये ज्या मिथोमिलवरून युरोपने हात वर केले, त्यावर भारतात पूर्ण बंदी यायला २०२३ उजाडलं. २०२०मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला होता. तीन वर्षं हरकती, समित्या. शेवटच्या आदेशात त्यातल्या तीनांवर पूर्ण बंदी आली: डायकोफॉल, डिनोकॅप, मिथोमिल. परदेशी ग्राहकाची तक्रार हंगाम संपायच्या आत ऐकली जाते, देशी माणसाची वीस वर्षांनी.

२०१४ची गोष्ट याहून बोलकी. १ मे रोजी युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण पेट्यांत फळमाशी सापडली होती. फळमाशी माणसाला काही करत नाही. भीती होती ती त्यांच्या पिकांची. तरी आपली यंत्रणा धावली, गरम पाण्याच्या प्रक्रियेच्या सोयी झाल्या, तपासण्या कडक झाल्या आणि २०१५च्या सुरुवातीला बंदी उठली. परक्यांच्या पिकाला लागणाऱ्या माशीसाठी आपण एवढं करू शकतो!

सरकार देशातल्या फळांकडे बघतच नाही, असं म्हणणं मात्र खोटं होईल. केंद्राच्या कृषी मंत्रालयाची राष्ट्रीय पातळीवरची कीटकनाशक अंश तपासणी योजना २००५-०६पासून चालू आहे. बाजारातून नमुने घेतात, प्रयोगशाळांत तपासतात. २०१४-१५मध्ये असे २०,६१८ नमुने तपासले. मर्यादेबाहेर निघाले २.६ टक्के. तेवढ्यावर सरकार खूश झालं असतं, पण त्याच अहवालात दुसरा आकडा होता: १२.५ टक्के नमुन्यांत मंजुरीच नसलेल्या कीटकनाशकांचे अंश होते. दर आठ नमुन्यांत एक. म्हणजे कलम ३८च्या सावलीत काय चाललंय, याची कबुली सरकारी कागदावरच आहे. पण त्या अहवालातून तुम्हाला तुमचा बाजार सापडत नाही. कुठल्या बाजारातलं कुठलं फळ, कुठल्या महिन्यात, पुढे कुणावर काय झालं, काही नाही. माहिती गोळा होते आणि सरासरीत विरघळते. आमच्या सावित्रीचं नाव निदान प्रदूषित नद्यांच्या यादीत तरी येतं. यादी हातात घेऊन भांडता येतं. फळांच्या बाबतीत भांडायला कागदसुद्धा नाही.

मग आपल्याला काय सांगतात? फळं नीट धुवून खा. मिठाच्या पाण्यात ठेवा, खायचा सोडा घाला, व्हिनेगर घाला. धुवावं, जरूर धुवावं. वरवरची धूळ आणि सालीवरचं काही औषध निघून जातं. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, डायमेथोएट ही आंतरप्रवाही औषधं आहेत. झाड ती शोषून घेतं, म्हणून तर ती रस शोषणाऱ्या किडीला मारतात. फळाच्या आत गेलेलं नळाखाली कसं निघेल? बागेत करायची तपासणी सरकारने तुमच्या सिंकवर ढकलली आणि वर तुम्हाला जागरूक ग्राहक म्हणून शाबासकी दिली. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो ‘सेंद्रिय’ लिहिलेली पेटी दुप्पट भावाने आणतो आणि सुटल्यासारखं समजतो. बाकीच्यांनी सोडा घालावा.

आपला रागही चुकीच्या पत्त्यावर जातो, हे तरुण वाचकांना विशेष करून सांगायचंय. एक रील येतं, कलिंगडात इंजेक्शन मारताना. ते कुठलं, कधीचं, खरं की बनवलेलं, कुणी बघत नाही. आठवडाभरात कलिंगडाचा भाव पडतो. रायगडात भातानंतरच्या जमिनीत कलिंगड घेणाऱ्या पोरांचं कर्ज त्या एका रीलने वाढतं. त्यात प्रामाणिक शेतकरी आणि बेफिकीर शेतकरी दोघे सारखेच भरडले जातात, कारण दोघांत फरक सांगणारा कागदच अस्तित्वात नाही. तपासणी नसल्याचा तोटा खाणाऱ्यालाच होतो असं नाही. जो थांबायचे दिवस थांबला, त्याला बाजारात त्याचा एक रुपया जास्त मिळत नाही. फवारून तिसऱ्या दिवशी फळ उतरवणारा मात्र वाढलेल्या भावाला बाजार गाठतो.

‘देशभरच्या प्रत्येक शेतात ग्रेपनेट कसं आणणार?’ हा आक्षेप मला मान्य आहे. प्रत्येक पेरूच्या झाडाला क्रमांक देता येणार नाही, देऊही नये. पण सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगडही त्यात आहे. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर फवारणीची वही आणि काढणीपूर्व चाचणी हवी, खर्च सरकारचा. एवढी अट घातली तर बिघडतं काय? कराराने बाग घेणाऱ्याची नोंदणी वेगळी करा, त्याला शेतकऱ्याची सूट नको. औषध दुकानदाराने बिलावर पीक लिहावं. आज तो कुठल्याही पिकाला कुठलंही औषध देतो आणि नामानिराळा राहतो. खरं तर साखळीत परवाना असलेला पहिला माणूस तोच आहे. वाशीच्या बाजार समितीत, जिथे अख्ख्या कोकणचा आंबा उतरतो, तिथे हंगामात रोज नमुने काढून निकाल फळ आणि तालुक्यासह त्याच आठवड्यात जाहीर करा. नाव छापायची घाई नको, तालुका पुरे. एकदा ‘अमुक तालुका, मार्चचा दुसरा आठवडा’ असं छापून आलं की तिथले बागायतदारच दुकानदाराची कॉलर धरतील.

यातलं काहीही करायला नवा शोध लागायचा नाहीये. महाडहून वरंधा घाट चढला की भोर, भोरहून पुणं, आणि पुण्याच्या पलीकडे मांजरी. देशातल्या चांगल्या प्रयोगशाळांपैकी एक आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर आहे.

तोवर एक काम तुमच्या फोनवरून होतं. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. रायगडकरांनी पेणच्या कार्यालयाला, बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाला पाठवावा. गेल्या तीन वर्षांत आमच्या तालुक्यातून ताज्या फळांचे किती नमुने घेतले? त्यातले किती फक्त कार्बाइडसाठी आणि किती कीटकनाशकाच्या अंशासाठी तपासले? किती मर्यादेबाहेर निघाले, नमुना घेतल्याची आणि अहवाल आल्याची तारीख काय? आणि शब्द उरले तर हेही विचारा: अहवाल येईपर्यंत ते फळ कुठे होतं?